स्वॅप : उसनी जागा, झिजणारं कार्ड

२०१४ साली माझ्या फोनला ५१२ एमबी रॅम होती. गेम उघडला की गाणं बंद पडायचं. मित्रांचा उपाय ठरलेला होता : फोन रूट कर आणि मेमरी कार्डावर स्वॅप लाव. लावला. फोन जरा बरा चालू लागला. काही महिन्यांनी कार्ड गेलं आणि त्यासोबत आजोबांचे फोटोही. मी कार्डाला शिव्या घातल्या. चूक माझी होती, हे इंजिनीअरिंगला गेल्यावर कळलं.

स्वॅपची कल्पना मेमरी कार्डापेक्षा खूप जुनी. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठात ॲटलस हा संगणक सुरू झाला. मुख्य मेमरी महाग, म्हणून थोडीच. शेजारी फिरणाऱ्या चुंबकीय ड्रमवर तिच्या सहापट जागा होती. सध्या नको असलेला डेटा ड्रमवर ठेवायचा, लागला की परत आणायचा. ड्रम हळू होता, पण पुन्हा पुन्हा लिहिल्यानं त्याचं काही बिघडत नव्हतं.

फ्लॅश मेमरीचं तसं नाही. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात पुसली जाते, म्हणून त्यांचे सहकारी शोजी अरिइझुमी यांनी हे नाव सुचवलं. पण लिहिताना आणि पुसताना इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ थरातून ढकलावे लागतात आणि दरवेळी तो थर किंचित खराब होतो. शिवाय पुसायचा तर अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. एका पेशीत एकच बिट ठेवणारी जुनी फ्लॅश साधारण १ लाख वेळा पुसता यायची. पुढे स्वस्ताईसाठी एका पेशीत तीन बिट कोंबले, तेव्हा हा आकडा हजाराच्या घरात आला.

फोटो एकदा लिहिला जातो आणि शंभरदा पाहिला जातो. कार्ड त्यासाठीच होतं. स्वॅप मात्र दिवसभर लिहीत राहतो.

गंमत म्हणजे उत्तर तेव्हाच तयार होतं. नितीन गुप्ता यांच्या कॉम्पकॅशमधून आलेलं झेडरॅम डेटा दाबून रॅममध्येच ठेवतं, कार्डाला हातच लावत नाही. कमी रॅमच्या फोनसाठी २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये त्याची सोय होती.

आज दुकानात ‘८ + ८ जीबी रॅम’ असं लिहिलेलं दिसतं. त्यातले दुसरे ८ म्हणजे फोनच्या स्टोरेजमधली उसनी जागा. ते स्टोरेज माझ्या कार्डापेक्षा कितीतरी दणकट असतं, पण तीही फ्लॅशच. घरच्यांचे फोटो तेवढे दुसरीकडेही ठेवा.