गांधी घराणे (पोरबंदर)

सौराष्ट्रातील (काठेवाडातील) एक कारभारी घराणे. मोहनदास करमचंद उर्फ महात्मा गांधी (१८६९–१९४८) यांच्यामुळे ते जगाला माहीत झाले. ज्ञातीने मोढ वाणी, संप्रदायाने वैष्णव. मूळ गाव जुनागढ संस्थानातील कुतियाणा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्याने पोरबंदरात घर घेतले. ज्ञातीवरून या घराण्याला व्यापारी म्हणण्याचा प्रघात आहे, आणि गांधींची काटकसर, हिशेबीपणा, तडजोडीची तयारी हे सारे मग वाणीपणाच्या खाती मांडले जाते. आपले पूर्वज एके काळी किराणा विकत असावेत, असे गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे खरे. पण आजोबांपासून पुढे काठेवाडच्या संस्थानांत दिवाणगिरी केल्याचेही त्यांनी तिथेच सांगितले आहे. या घराण्याचा इतिहास दुकानापेक्षा दरबाराचा आहे. ही दरबारी परंपरा इंग्रजी अमलाखाली कशी खचली, हे पाहिल्यावाचून मोहनदासांच्या आयुष्याची सुरुवात उलगडत नाही.

आजोबा उत्तमचंद उर्फ ओता गांधी हे पोरबंदरचे दिवाण. राणा खिमोजींच्या मृत्यूनंतर राणी रूपाळीबांच्या हाती सत्ता आली आणि दिवाणांचे त्यांच्याशी बिनसले. उत्तमचंदांच्या घरावर तोफा डागल्याची, पुढे जुनागढच्या आश्रयाला गेल्यावर त्यांनी नवाबाला डाव्या हाताने सलाम केल्याची आणि ‘उजवा हात पोरबंदरला दिलेला आहे’ असा खुलासा केल्याची कथा घराण्यात सांगितली जाई. उत्तमचंदांची दोन लग्ने झाली व त्यांना सहा मुलगे होते. पाचवे करमचंद उर्फ कबा आणि सहावे तुळशीदास हे पाठोपाठ पोरबंदरचे दिवाण झाले. करमचंदांनी पुढे राजकोट व वांकानेर येथेही दिवाणगिरी केली आणि संस्थानिक व त्यांचे भायात (भाऊबंद) यांच्यातील तंटे सोडवणाऱ्या राजस्थानिक कोर्टाचे ते सभासद होते. त्यांचे शालेय शिक्षण गुजराती पाचवीच्या आसपासचे. इतिहास-भूगोलाचा गंध नव्हता. कारभार त्यांच्या अंगी आला तो तंटे मिटवून आणि माणसे सांभाळून. राजकोटच्या ठाकोरसाहेबांविषयी इंग्रज सरकारचा असिस्टंट पोलिटिकल एजंट अपमानकारक बोलला तेव्हा त्यांनी हरकत घेतली, माफी मागायचे नाकारले आणि त्यापायी काही तास अटक सोसली.

या मांडणीवर पहिला आक्षेप पुराव्याचा. वरील पुष्कळ तपशील गांधींच्याच आत्मकथेतून येतो, आणि ती १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये क्रमशः आली तेव्हा ते सत्याग्रहाचे प्रणेते म्हणून सर्वमान्य होते. अधिकाऱ्यापुढे न वाकणारे आजोबा-वडील त्या प्रतिमेला फारच शोभतात. म्हणून डाव्या हाताचा सलाम घडलेली गोष्ट म्हणून नव्हे, तर घराण्याने जपलेला आदर्श म्हणून वाचावा. मात्र दिवाणगिरीचा क्रम या कथेवर अवलंबून नाही. शिवाय आत्मकथा वडिलांचे गुणगान करून थांबत नाही. ते तापट होते, चाळिशी उलटल्यावर त्यांनी चौथे लग्न केले आणि भोगाकडे त्यांचा कल असावा, हेही मुलाने लिहून ठेवले आहे. हे चौथे लग्न पुतळीबाईंशी. प्रणामी संप्रदायाच्या संस्कारातल्या या व्रतस्थ बाईंना रळियात, लक्ष्मीदास, करसनदास आणि मोहनदास अशी चार मुले झाली.

करमचंद १८८५ मध्ये वारले आणि घराण्यापुढे प्रश्न उभा राहिला तो गादी चालवायची कशी, हा. कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी दिलेला सल्ला काळ कसा बदलला होता ते नेमके दाखवतो. बी.ए. व्हायला चार-पाच वर्षे जातील आणि हाती येईल ती फार तर साठ रुपयांची नोकरी. दिवाणगिरी हवी असेल तर मुलाला विलायतेला धाडून बॅरिस्टर करा, असे त्यांचे म्हणणे. मोहनदासांचा ओढा वैद्यकीकडे होता, पण वैष्णवाने प्रेते फाडणे वडिलांना मान्य नव्हते, आणि डॉक्टरीने दिवाणगिरी मिळणार नव्हती ते वेगळेच. बापाला पाचवी पुरली, त्याच जागेसाठी मुलाला लंडनची सनद लागणार होती. पोरबंदरचा कारभार तेव्हा लेली या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती होता. मदत मागताच त्याने ‘आधी पदवीधर हो’ म्हणून वाटेला लावले. खर्च थोरल्या लक्ष्मीदासांनी उचलला. मुंबईतील मोढ वाण्यांच्या पंचायतीने समुद्रगमनाबद्दल वाळीत टाकले, तरी सप्टेंबर १८८८ मध्ये मोहनदास निघाले. म्हणजे हा प्रवास बंडखोराचा नव्हता. घराण्याची जागा राखण्यासाठी केलेली ती गुंतवणूक होती.

ती बुडाली. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मोहनदासांनी लक्ष्मीदासांच्या एका प्रकरणात पोलिटिकल एजंटकडे रदबदली केली. त्याच्याशी विलायतेत झालेल्या ओळखीचा उपयोग झाला नाही. साहेबाने शिपायाकरवी त्यांना बाहेर काढले. आजोबांचे एका दरबाराशी बिनसले तर ते दुसऱ्या दरबारात जाऊ शकत होते. नातवापुढे सगळ्या संस्थानांवर एकच एजन्सी बसली होती. तेवढ्यात पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांच्या दादा अब्दुल्ला पेढीचे बोलावणे आले आणि १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले.

इथे दुसरा आक्षेप येतो: सुटका तर व्यापाऱ्यांनीच केली, मग घराणे व्यापारी नव्हे असे का म्हणावे? पण त्या पेढीला माल विकणारा नव्हे, तर दाव्याची कागदपत्रे समजून वकिलांशी बोलणारा माणूस हवा होता. तो दावा लवादाने मिटवून हरलेल्या पक्षाला हप्ते बांधून देण्याचे गांधींनी जे केले, ते कबा गांधींच्या कामाच्या जातीचेच होते. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लक्ष्मीदास आणि करसनदास याच घरात वाढले, पण ते काठेवाडच्या चाकोरीतच राहिले. त्यामुळे वंशावळीतून महात्मा सिद्ध होत नाही. तिच्यातून कळते ते इतकेच, की कोणती वाट त्यांना आखून दिली होती आणि ती कुठे बंद झाली.

ती वाट पुढच्या पिढीसाठी गांधींनी स्वतःहून मोडली. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होण्याची संधी थोरला मुलगा हरिलाल याला हवी होती. पण स्नेही प्राणजीवन मेहतांनी देऊ केलेल्या शिष्यवृत्तीवर गांधींनी पुतण्या छगनलालला धाडले. १९११ मध्ये हरिलाल बापापासून दुरावला. मुलाच्या दृष्टीने हा अन्यायच होता, आणि त्याची तक्रार पोकळ म्हणता येत नाही, कारण जी शिडी बापाला कुटुंबाने कर्ज काढूनही दिली असती ती बापाने मुलाला नाकारली. बाकीच्या मुलांपैकी मणिलालने ‘इंडियन ओपिनियन’ चालवले, रामदास आश्रम आणि सत्याग्रहाच्या कामात राहिला, देवदास ‘हिंदुस्थान टाइम्स’चा संपादक झाला व त्याने राजगोपालाचारींच्या कन्येशी विवाह केला. चौघांपैकी कोणीही बापाच्या नावावर सत्तेचे पद घेतले नाही. इंदिरा गांधींचे आडनाव पारशी असलेल्या फिरोज गांधींकडून आले. त्या कुटुंबाचा या घराण्याशी रक्तसंबंध नाही. पदाची वारसदारी हेच ज्या घराण्याचे पिढ्यानपिढ्यांचे भांडवल होते, त्याने ती सोडली हे त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण. आणि त्याची किंमत प्रामुख्याने हरिलालने मोजली.