चोवीस तासांचे घड्याळ

दिवाळीच्या फराळाच्या ताटात पोलीस-कोठडीची गोष्ट वाढली, तर वाचक नाक मुरडतील, हे मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट आपल्याच पुण्या-मुंबईची आहे आणि आमच्या शाळांतून ती अर्धीच सांगितली जाते, म्हणून तिचा दुसरा अर्धा भाग येथे मांडतो.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली आणि सरकारचे पित्त खवळले. २७ जुलैला लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. त्याच सुमारास पुण्यात बाळासाहेब आणि तात्यासाहेब हे नातू बंधूही पकडले गेले. टिळकांचे नाव मुलांच्या जिभेवर असते. नातूंचे कोणाला आठवत नाही.

टिळकांवर राजद्रोहाचा आरोप होता. पण आरोप होता! तो कागदावर होता, मॅजिस्ट्रेटपुढे होता. त्यांच्या बाजूने वकील उभे राहिले. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला, तरी ४ ऑगस्टला हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. पुढे दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, ती झालीच. पण जे झाले ते उघड्या कोर्टात, साऱ्या जगादेखत झाले.

नातूंसाठी मात्र सरकारने १८२७ सालचे पंचविसावे रेग्युलेशन बाहेर काढले. त्यात आरोप नको, वकील नको, खटला नको. सरकारच्या मनात आले की पुरे. गंमत पाहा! दोषी ठरलेले टिळक सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले आणि ज्यांचा गुन्हा कोणी सांगितलाही नाही, ते नातू बंधू १८९९ पर्यंत अडकून पडले.

अटक झालेल्याचे हक्क म्हणजे निर्दोषपणाचे बक्षीस नव्हे, हे यावरून ध्यानात येते. माणूस दोषी की निर्दोष, हे मागाहून ठरेल. तोवर तो अंधारात नाहीसा होऊ नये, एवढ्यासाठी ते हक्क आहेत.

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीपुढे १५-अ हे कलम मांडले. तेच आपल्या घटनेचे २२ वे कलम. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, असे ते सांगते. पण त्याच कलमात पुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद आहे. तेथे हे घड्याळ चालत नाही. कारणे कळवणे, म्हणणे मांडू देणे आणि तीन महिन्यांपलीकडे सल्लागार मंडळाचे मत घेणे, एवढे कठडे घटनेने घातले. म्हणजे टिळकांची वाट आणि नातूंची वाट, दोन्ही एकाच कलमात आल्या!

१९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या घड्याळाला काटे बसवले. अटकेचा लेखी पंचनामा व्हावा, त्यावर तारीख आणि वेळ असावी, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठिताची सही असावी, आणि नातेवाइकाला खबर द्यावी, असा तो आदेश. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ५८ व्या कलमातही चोवीस तास कायम आहेत.

म्हणून वाचकहो, आपल्या ओळखीतल्या कोणावर असा प्रसंग आला, तर रडारड मागाहून करावी. आधी किती वाजता नेले, ते लिहून ठेवावे.