पवनचक्कीतला वाटा

डेन्मार्कमधील आस्कोव्ह या खेड्यातील लोकविद्यालयात पोल ला कूर हे विज्ञान शिकवीत. शहरांत वीज येऊ लागली होती. खेडी अंधारात राहिली तर तिथली तरुण मंडळी टिकणार नाहीत, ही त्यांची चिंता. १८९१ साली सरकारी मदतीने त्यांनी पवनचक्की उभारून तिच्यावर डायनॅमो चालवला. वारा पडल्यावर काय करायचे? त्यांनी विजेने पाण्याचे विघटन केले, हायड्रोजन टाकीत साठवला आणि काही वर्षे शाळेत त्याचेच दिवे लावले. (त्यात ऑक्सिजन मिसळून स्फोट झाले, खिडक्यांच्या काचा फुटल्या. आपण वर्गात परीक्षानळीवर थांबतो तेच बरे!) पुढे ग्रामीण वीजतंत्रींचे वर्गही आस्कोव्हला भरू लागले.

शेजाऱ्यांबरोबर भागीत वीज घेणे या शेतकऱ्यांना नवे नव्हते. १८८२ साली येडिंग येथे त्यांनी सहकारी दुग्धालय काढले होते. दुधाचा हिशेब जमला, तसाच विजेचाही जमला.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर ही सवय पुन्हा कामी आली. गावातली कुटुंबे वर्गणी काढून एक पवनचक्की घेत. एक वाटा म्हणजे साधारणपणे वर्षाला १००० युनिट विजेचा हक्क. सुरुवातीला अट अशी, की भागीदार जवळपास राहणारा हवा आणि त्याचे वाटे घरच्या वापराच्या बेताने हवेत. विद्यार्थी इथे हमखास विचारतील, आपल्या चक्कीची वीज आपल्याच घरी येते कशी? तशी ती येत नाही. सगळी वीज एकाच जाळ्यात जाते. वाटून घेतला जातो तो हिशेब.

पण हिशेबातला वाटा माणसाची नजर बदलतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका पाहणीत, पवनचक्कीपासून उत्पन्न मिळणाऱ्यांना तिच्या आवाजाचा त्रास फारच कमी वाटत असल्याचे दिसले. वास्तविक त्यांच्या घरी आवाज जास्त पोहोचत होता! कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० साली मिडलग्रुंडनच्या २० चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या १० चक्क्यांचे मालक साडेआठ हजारांवर भागीदार होते. आधीचा आराखडा तीन रांगांत २७ चक्क्यांचा होता. देखावा बिघडतो अशा हरकती आल्यावर २० चक्क्यांची एकच कमान ठरली.

यंत्रे मोठी झाली, भांडवल कंपन्यांकडे गेले. २००८ च्या कायद्याने साडेचार किलोमीटरांतल्या रहिवाशांना किमान २० टक्के वाटे देऊ करणे बंधनकारक केले. २०२० मध्ये ती तरतूद गेली आणि शेजाऱ्यांना वार्षिक रक्कम देण्याची पद्धत आली. पैसे मिळतात, मालकी नाही. माझ्या मते हा फरक लहान नाही.