वॉरंटी संपली, पुढे काय?

मंडळी, इंग्लंडात नव्याने आलेल्या आपल्या बहुतेक लोकांचा एक समज असतो. मोबाईल तेराव्या महिन्यात बंद पडला की नशिबाला दोष द्यायचा आणि नवा घ्यायचा. दुकानदारही "वॉरंटी संपली, कंपनीला विचारा" म्हणून मोकळा होतो. इथला कायदा मात्र वेगळं सांगतो, आणि तो काही आजकालचा नाही.

जुना इंग्लिश न्याय असा, की घेणाऱ्याने पारखून घ्यावं. घोड्याचे दात मोजता येतात, पण कारखान्यातून बंद खोक्यात आलेला माल कसा पारखणार? एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी हळूहळू विकणाऱ्यावर जबाबदारी टाकली आणि १८९३ च्या 'सेल ऑफ गुड्स ॲक्ट'मध्ये ती कलमबद्ध झाली. मसुदा मॅकेन्झी चाल्मर्स यांचा. हे गृहस्थ पुढे १८९६ ते १८९९ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. आपला १९३० चा मालविक्री कायदाही याच इंग्लिश कायद्यावर बेतलेला आहे.

पण त्यात एक पळवाट होती. करारात तसं लिहून ही जबाबदारी झटकता यायची. मग निघाली गॅरंटी कार्डं! मोठ्या अक्षरात हमी, आणि बारीक अक्षरात ग्राहकाचे बाकीचे हक्क रद्द. म्हणजे कार्डावर सही करून माणूस होतं तेही घालवून बसायचा. १९६२ साली मलोनी समितीने यावर बोट ठेवलं. १९७३ च्या कायद्याने सामान्य ग्राहकापुरती ही पळवाट बंद केली. १९९४ मध्ये मालाच्या दर्जात 'टिकाऊपणा' हा शब्द आला. आज हे सगळं २०१५ च्या 'कन्झ्युमर राइट्स ॲक्ट'मध्ये आहे.

तर मुद्दा असा, की कंपनीची वॉरंटी ही वरची भर. मूळ हक्क दुकानदाराविरुद्ध असतो. इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षांपर्यंत दावा लावता येतो, स्कॉटलंडात पाच. याचा अर्थ फोन सहा वर्षं चाललाच पाहिजे असा नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत बिघडला तर दोष मुळातच होता असं सहसा धरलं जातं. त्यानंतर ते आपण सिद्ध करायचं.

आमच्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याचा फोन चौदाव्या महिन्यात चार्ज होईना. दुकानाने आधी हात वर केले. त्याने दुसऱ्या कारागिराकडून 'आतला सांधा मुळात कच्चा, फोन पडलेला वा भिजलेला नाही' असं लेखी आणलं, आणि कायद्याचं नाव घालून पत्र दिलं. फोन फुकट दुरुस्त झाला.

तेव्हा पावती जपून ठेवा, आणि दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवलं तरी काउंटरवरून हलू नका.