आयर्लंडांतील घरगुती औषधें

देशाचा इतिहास लिहितांना राजे, लढाया आणि तह यांस मानाचें पान मिळतें. परंतु तापानें फणफणलेल्या लेकराच्या उशाशीं बसून एखादी गरीब माता काय करीत होती, हें लिहून ठेवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आयर्लंड याला सन्मान्य अपवाद होय. १९३५ सालीं तेथें स्थापन झालेल्या लोकविद्या आयोगानें १९३७ ते १९३९ या काळांत स्वतंत्र आयर्लंडच्या २६ परगण्यांतील सुमारें ५,००० प्राथमिक शाळांच्या मुलांकडून घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी वह्यांत उतरवून घेतल्या. त्यांत औषधांचा भरणा मोठा आहे.

नेटल नांवाच्या झुडपाच्या स्पर्शानें अंगाची आग झाली, तर डॉक या रोपाचें पान चोळावें. जखमेवर कोळ्याचें जाळें बसवावें. खोकल्यावर कॅरागीन हें समुद्रशेवाळ दुधांत उकळून द्यावें. लोहारानें तापलेलें लोखंड ज्यांत विझविलें, तें पाणी चामखिळीस लावावें. येथवर वाचकांस आजीबाईच्या बटव्याची आठवण होईल. पण डांग्या खोकल्यावरचा एक उपाय पाहा: पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्यास गांठून औषध विचारावें आणि तो सांगेल तें करावें!

यावर कोणासही हंसूं येईल. आम्हांस मात्र हंसवत नाहीं. डांग्या खोकला तान्ह्या मुलांचे प्राण घेई, आणि त्यावर खात्रीचा इलाज पूर्वीं डॉक्टरांपाशींही नव्हता. घोडेस्वारानें रोग हटत नसे. हताश आईस कांहीं तरी केल्याचें समाधान तेवढें मिळे.

मग सारेंच थोतांड म्हणावें काय? या वह्यांच्या कक्षेबाहेर, उत्तरेकडील फर्मॅना परगण्यांत बोहो गांव आहे. तेथील धर्मगुरु जेम्स मॅक्गर १८१५ त वारले. त्यांच्या थडग्याजवळची चिमूटभर माती फडक्यांत बांधून उशीखालीं ठेवावी आणि मागाहून परत करावी, अशी गांवची समजूत. २०१८ सालीं संशोधकांस त्या परिसराच्या मातींत एक सूक्ष्मजंतु आढळला; नेहमींच्या औषधांस न जुमानणाऱ्या कित्येक रोगजंतूंची वाढ त्यानें प्रयोगशाळेंत रोखली. उशीखालच्या मातीनें रोगी बरे होत, असें यावरून मुळींच सिद्ध होत नाहीं. पण कोठें शोधावें, हें त्या समजुतीनें दाखविलें.

आमच्या मतें त्या शाळकरी मुलांची थोरवी हीच. त्यांनीं डॉकचें पान आणि पांढरा घोडा एकाच वहींत, निवड न करितां, लिहिले. पारख मागाहूनही करितां येते. आजीबरोबर गेलेली गोष्ट मात्र पुन्हा विचारतां येत नाहीं.