केसरबाईंचा आवाज नेपच्यूनपाशी

नेरूळहून पुन्हा गप्पा. आज मी सांगणार आहे एका यानाची आणि एका गायिकेची गोष्ट.

गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चौघे एकाच प्रवासात गाठता येतील, असा योग साधारण 176 वर्षांनी येतो. तो साधून नासाने 20 ऑगस्ट 1977 ला व्हॉयेजर-2 सोडलं. प्रत्येक ग्रहाच्या ओढीने दिशा बदलायची आणि पुढच्याकडे निघायचं, असा हिशेब. 25 ऑगस्ट 1989 ला ते नेपच्यूनच्या ढगांपासून जेमतेम पाच हजार किलोमीटरवरून गेलं. तिथून संदेश यायला चार तासांहून जास्त लागायचे. तेवढ्यात नेरूळहून पुणं गाठून आपलं जेवणही होतं! आजवर तिथे दुसरं यान गेलेलं नाही.

या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तिच्यात मराठीतला नमस्कार आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, कलावंत समाजातल्या. गाणाऱ्या बाईकडे लोक तुच्छतेने बघायचे, त्या काळात त्यांनी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली.

यान निघाल्यावर 27 दिवसांनी, 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. नेपच्यून अजून बारा वर्षं दूर होता. प्रवासात ती तबकडी वाजत नाही. कॅमेरे काम करत राहिले, भैरवी गप्प बसून सोबत गेली. आज ती सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे. मला वाटतं, आपल्या मातीतलं इतक्या लांब फारच थोडं गेलेलं आहे.

आज रात्री केसरबाईंची भैरवी नक्की ऐका. भेटू पुढच्या भागात!