अरण्यातील वाणी

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट आज आपण सहज ओलांडतो. १९४८ पर्यंत तो नुसता घाट नव्हता, सरहद्द होती. वर निजामाचे राज्य, खाली खानदेश. हैदराबाद मुक्तिसंग्रामात अशा सरहद्दींवरून शस्त्रे आणि निरोप ये-जा करीत. त्या दिवसांच्या आठवणी निघाल्या म्हणजे पुरुषांची नावे भराभर येतात. स्त्रियांपैकी धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखे एखादेच. गुप्त कामाची नोंद ठेवायची नसते, आणि ते काम स्त्रीचे असेल तर मागाहून विचारणारेही कोणी नसते. इंग्लंडातील ब्लेचली पार्क येथे महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उकलणाऱ्या केंद्रात बहुसंख्य कर्मचारी स्त्रियाच होत्या. १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी त्याविषयी ब्र काढला नाही.

आपल्याच समाजातील अशी एक स्त्री म्हणजे लिबिया लोबो. जन्म १९२४, पर्वरी, गोवा. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला इटालियन युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याच्या कामावर त्या होत्या. परक्याची खाजगी पत्रे वाचणे खचितच सुखाचे नसावे. परंतु शब्दाचा अर्थ एक आणि रोख दुसरा असू शकतो, हे तिथे उमगले असले पाहिजे. पुढे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या हद्दीत निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. प्रक्षेपक मालमोटारीवर बसविलेला. चालविणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. प्रारंभी निकोलाव मिनेझिस हेही होते. नंतर केंद्र कॅसलरॉकच्या रानात गेले. पोर्तुगीज बाजूचा प्रचार बारकाईने तपासायचा आणि कोकणी व पोर्तुगीज भाषांतून त्याचे खंडन करायचे, हा सहा वर्षांचा नित्यक्रम. अविवाहित तरुणीने घरदार सोडून असे रानात राहणे त्या काळी किती धैर्याचे, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको.

या कामाला आपल्या दृष्टीने आणखी एक पदर आहे. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे, तेथील ख्रिस्तजन मनाने पोर्तुगीजच आहेत, असे सालाझारचे सरकार जगाला सांगत होते. त्याला उत्तर देणारा आवाज एका कॅथलिक मुलीचा होता, आणि तोही पोर्तुगीज भाषेत. धर्म आणि परकी सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगण्यासाठी याहून चोख साक्षीदार कोठून आणणार?

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. ती वार्ता त्या दोघांनी विमानातून, ध्वनिवर्धकावरून, गोव्याच्या आकाशात फिरत लोकांना सांगितली. तीन वर्षांनी त्याच तारखेस त्यांचा विवाह झाला.

वामनरावांना १९९२ साली पद्मश्री मिळाली. लिबियाबाईंना ती २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाली. तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या.